जुन्या जीपचं घट्ट बसलेलं स्टिअरिंग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली जीप पूर्ण खोलायची ठरली की सगळ्यांचं लक्ष इंजिनाकडे, गिअरबॉक्सकडे आणि चेसिसच्या गंजाकडे असतं. काम मात्र पुष्कळदा अडतं स्टिअरिंगपाशी. बॉडी चेसिसवरून सरळ वर उचलायची तर फरशीतून आलेला स्टिअरिंगचा खांब मोकळा हवा, आणि माथ्यावरचं गोल चाक निघाल्याशिवाय तो मोकळा होत नाही. हॉर्नचं बटण निघतं, त्याखालचा नट सुटतो, चाक मात्र जागच्या जागी राहतं. दोघांनी दोन बाजूंनी ओढलं तरी हलत नाही. मग कुणीतरी हातोडा उचलतो, आणि पुढच्या पाच मिनिटांत ऐंशी वर्षं टिकलेल्या गाडीचं कधीही भरून न येणारं नुकसान होऊन बसतं.

हे टाळता येतं. त्यासाठी फार महागडी हत्यारं लागत नाहीत. आपण लावलेला जोर कुठून निघतो, कोणत्या भागांतून जातो आणि कुठे जाऊन थांबतो, एवढं आधी नीट पाहायचं असतं. या कामातला प्रत्येक चांगला आणि वाईट उपाय याच प्रश्नावर पारखता येतो.

उदाहरणासाठी विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू ही जुळी जोडी घेऊ, कारण जुन्या लष्करी गाड्यांत सर्वांत जास्त हौशी माणसं याच गाड्यांवर काम करतात. जुलै 1940 मध्ये अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी 135 कंपन्यांना विचारणा केली होती. पहिला नमुना 49 दिवसांत द्यायचा होता. ही मुदत पाळली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीने. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा केला आणि 23 सप्टेंबर 1940 रोजी गाडी लष्कराच्या चाचणी तळावर पोहोचली. पुढे मोठी कंत्राटं मात्र विलीस आणि फोर्ड यांच्याकडे गेली. 1945 पर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे, असा लष्कराचा आग्रह होता. त्यामुळे आजही विलीसचं स्टिअरिंग फोर्डच्या जीपला चालतं. फोर्डने आपल्या पुष्कळ भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यांवरसुद्धा, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उठवलं होतं. जीर्णोद्धार करणारे लोक ते अक्षर शोधत फिरतात, म्हणून मूळ नट-बोल्ट छिन्नीने फोडून फेकू नयेत.

भारताशी या गाडीचं नातं युद्धकाळापासूनचं आहे. 12 जानेवारी 1945 रोजी आसामातल्या लेडोहून चीनकडे निघालेला पहिला ताफा 4 फेब्रुवारीला कुनमिंगला पोहोचला. त्या आघाडीवर जीपा मोठ्या संख्येने राबल्या, आणि युद्ध संपल्यावर उरलेला लष्करी माल ‘डिस्पोजल’मध्ये विकला गेला. 1945 सालीच स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद कंपनीने, म्हणजे 1948 नंतरच्या महिंद्र अँड महिंद्रने, मुंबईत विलीस जीपांची जुळणी सुरू केली. तिथून पुढे आलेल्या उंच बॉनेटच्या सीजे-3बी जीपा आपल्या गावोगावी, साखर कारखान्यांवर, पोलिसांत आणि वनखात्यात दिसू लागल्या. स्टिअरिंगच्या बाबतीत या सगळ्या एकाच घराण्यातल्या आहेत. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते सांगली-कोल्हापूरच्या एखाद्या शेतघरात उभ्या असलेल्या महिंद्र जीपलाही बहुतांशी लागू पडतं.

आता आत काय आहे ते पाहू. जीपचं स्टिअरिंग रॉस कंपनीच्या ‘कॅम आणि लिव्हर’ पद्धतीचं आहे. खाली चेसिसला बोल्टने बसवलेल्या डब्यात मळसूत्री खोबणी असलेला एक कॅम असतो. त्या खोबणीत लिव्हरच्या दोन खुंट्या फिरतात. कॅमच्या दोन्ही टोकांना छर्ऱ्यांची बेअरिंगं असतात. कॅमला पक्की जोडलेली एक लांब पोलादी नळी वरपर्यंत येते. हीच स्टिअरिंगची खरी दांडी, आणि ती आतून पोकळ आहे. हॉर्नच्या बटणाची तार या पोकळीत उतरते. नळीभोवती बाहेरून आणखी एक पातळ पत्र्याची नळी, म्हणजे जॅकेट असतं. आपण बाहेरून पाहतो तो खांब म्हणजे हे जॅकेट. त्याच्या वरच्या तोंडाशी दांडीला आधार देणारं एक छोटं बेअरिंग आणि त्यावर दाब ठेवणारी स्प्रिंग असते. दांडीच्या माथ्यावर बारीक उभे दाते कापलेले असतात, तसेच दाते चाकाच्या मधल्या पोलादी गाभ्यात, म्हणजे हबमध्ये असतात. दाते एकमेकांत बसतात आणि वरून नट आवळला की चाक पक्कं.

जुन्या गाड्यांत हे दाते दोन तऱ्हांचे भेटतात. काही सरळ असतात, काही वरच्या टोकाकडे किंचित निमुळते होत जातात. काढताना दोन्हींचा स्वभाव वेगळा. निमुळता जोड पाचरीच्या तत्त्वावर घट्ट होतो. उताराचा कोन फार लहान असेल तर नट पूर्ण काढला तरी केवळ घर्षणाच्या बळावर तो जागेवर राहतो. लेथ मशीनमध्ये ड्रिल धरणारा मोर्स टेपर असाच आहे. त्याचा उतार साधारण वीसास एक, म्हणून तो नुसता दाबून बसवला तरी घसरत नाही. निमुळता जोड सुटतो तेव्हा एकदम, बंदुकीसारखा आवाज करून सुटतो आणि त्यानंतर हाताने निघतो. सरळ दात्यांचा जोड असा एकदम सुटत नाही. तो दात्यांच्या पूर्ण लांबीभर कुरकुरत, मिलिमीटर-मिलिमीटरने वर येतो. आपलं चाक कोणत्या तऱ्हेचं आहे ते पहिल्या हालचालीतच कळतं, पण तयारी दोन्हींची ठेवावी.

एवढं घट्ट बसायचं खरं कारण मात्र पाणी. जीप ही उघडी गाडी, वर फार तर कॅनव्हासचं छत. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या जीपचं हॉर्नचं बटण बहुतेक वेळा तुटलेलं किंवा हरवलेलं असतं. तिथे उघडी वाटी तयार होते, पावसाचं पाणी तीत साचतं आणि नटाखालून दात्यांमध्ये झिरपतं. लोखंड गंजलं की त्याचं आकारमान वाढतं. गंजाच्या प्रकारानुसार ते मूळ धातूच्या दुप्पट ते सहापटीपर्यंत जाऊ शकतं. दाते आणि हब यांच्यामध्ये वाढायला जागाच नसल्याने हा फुगणारा गंज दोन्ही भिंतींवर दाब देत राहतो. समुद्राजवळ तर खारट हवेतलं क्लोराइड गंजाची गती आणखी वाढवतं. म्हणून कोकणातली जीप आणि सोलापूरची जीप एकाच सालची असली तरी त्यांच्या स्टिअरिंगांचा हट्ट सारखा नसतो.

आता हातोड्याचा प्रश्न. दांडीच्या टोकावर वरून घाव घातला तर जोर कुठे जातो? चाक कुणी खालून उचलून धरलेलं असेल तर त्यातला थोडा भाग जोडाला मिळतो. उरलेला सगळा घाव दांडीतून थेट खाली उतरतो, कॅमपर्यंत पोहोचतो आणि खालच्या बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर थांबतो. प्रत्येक छर्रा आपल्या वाटीत अगदी लहानशा ठिपक्यावर टेकलेला असतो. एवढ्या लहान जागेवर मोठा धक्का आला की वाटीत बारीक खळगे पडतात. गाडी पुन्हा रस्त्यावर आली की स्टिअरिंग वळवताना ठिकठिकाणी अडखळल्यासारखं जाणवतं. त्या वेळी मालक ग्रीस बदलतो, टायर बदलतो, आणि दोष महिनोन्‌महिने सापडत नाही. दुसरं नुकसान लगेच दिसतं. दांडी पोकळ असल्यामुळे तिचं तोंड घावाने पसरतं, आटे चपटे होतात आणि मग नटही बसत नाही. भरीव दांडीवर जे एखाद वेळी खपून जातं ते पोकळ नळीवर खपत नाही.

गुडघ्यांनी खालून चाक वर रेटायचं, आळीपाळीने डावी-उजवी बाजू उचलायची, आणि मदतनीसाने नटावर पितळी तुकडा ठेवून हलके ठोके द्यायचे, अशी एक जुनी पद्धत आहे. चाक थोडंसंच धरलेलं असेल आणि रोजच्या वापरातली गाडी असेल तर ती चालते, हे मान्य. पण युद्धकाळातल्या चाकाच्या रिमवर कडक रबराचं किंवा त्या काळच्या प्लास्टिकचं आवरण असतं. ऐंशी वर्षांत ते आकसतं, ठिसूळ होतं, आणि आतल्या पोलादी तारेपासून सुटू लागतं. रिमला धरून ओढलं की जोर आऱ्यांतून वाकतवाकत हबपर्यंत पोहोचतो आणि वाटेत आवरणाला तडे देतो. म्हणून जीर्णोद्धाराच्या गाडीवर ही पद्धत वापरू नये, असं मी सांगेन. चाक शेवटपर्यंत वळवून झटके देण्याचाही काही उपयोग नाही. दाते असतातच मुळी चाक दांडीवर फिरू नये म्हणून. तो झटका लिव्हरच्या खुंट्यांवर जातो आणि जोड तसाच राहतो.

योग्य हत्यार म्हणजे पुलर. पण पुलर म्हणून बाजारात मिळणारी प्रत्येक वस्तू इथे चालत नाही. अलीकडच्या मोटारींच्या हबमध्ये पुलरचे बोल्ट लावायला आटे पाडलेली भोकं असतात, जुन्या जीपच्या चाकात ती नसतात. दोन किंवा तीन पायांचा साधा पुलर लावला तर त्याचे पाय आऱ्यांखाली अडकतात, आणि आरे वाकतात. इथे हवा तो बेअरिंग सेपरेटर. दोन अर्ध्या चकत्या हबच्या खाली दोन्ही बाजूंनी सरकवायच्या आणि बोल्टांनी जवळ आणायच्या, म्हणजे हबच्या पोलादी बुडाला सगळीकडून सारखा आधार मिळतो. मग सेपरेटरच्या दोन लांब बोल्टांवर आडवी पट्टी आणि तिच्या मधोमध ढकलणारा स्क्रू. हब आणि जॅकेट यांच्यामधली फट अरुंद असते. पण डॅशबोर्डखालची पकड आणि खाली स्टिअरिंगच्या डब्यापाशी असलेला क्लॅम्प सैल केला की जॅकेट थोडं खाली सरकवता येतं आणि सेपरेटरची पातळ कड आत जाते. एवढ्यानेही जागा झाली नाही तर ओळखीच्या टर्नरकडून पोलादाच्या दोन जाड अर्धचकत्या कापून घ्याव्यात. बाजारात मिळणाऱ्या हत्यारापेक्षा मोजमाप घेऊन केलेल्या या चकत्या अनेकदा जास्त चांगल्या बसतात.

पुलरचं खरं महत्त्व इथे आहे. स्क्रू दांडीला खाली ढकलतो आणि त्याच वेळी चकत्या हबला तेवढ्याच जोराने वर ओढतात. दोन्ही जोर एकमेकांना तिथल्या तिथे तोलतात. जोराचा रस्ता स्क्रू, दांडीचा माथा, दाते, हब, चकत्या, बोल्ट आणि पुन्हा स्क्रू असा बंद राहतो. खालच्या बेअरिंगला, डब्याला, चेसिसला त्यातलं काहीही जात नाही. हातोड्याने जे साधत नाही ते हेच.

जोर कमी पडेल अशी शंकाही नको. समजा स्क्रूच्या आट्यांचं अंतर दीड मिलिमीटर आहे आणि पाना 30 सेंटिमीटर लांब आहे. पान्याच्या टोकाशी वीस किलोचा जोर लावला तर घर्षण नसताना पंचवीस टनांचा दाब मिळाला असता. घर्षण त्यातला बहुतेक भाग खाऊन टाकतं. तरी तेल लावलेल्या स्क्रूवर तीन ते चार टन हातात उरतात. संपूर्ण जीपचं वजन एक टनाच्या थोडंच वर आहे. म्हणजे एका माणसाच्या एका हातात तीन जीपांचं वजन पेलणारा दाब येतो. एवढा जोर चुकीच्या जागी लागला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून स्क्रूचं टोक पोकळ नळीच्या कडेवर कधीही थेट टेकवू नये. नळीच्या तोंडात खालची पायरी बसेल आणि वरची चकती कडेवर सपाट टेकेल, अशी एक छोटी भरीव पोलादी गुंडी लेथवर करून घ्यावी. तिच्यावर स्क्रू टेकवावा. त्याआधी हॉर्नची तार खालून सोडवून वर ओढून घ्यायची असते, नाहीतर ती गुंडीखाली चिरडते. बॅटरीचं टर्मिनल तर या सगळ्याच्या आधी काढायचं.

मूळ नट पूर्ण काढून टाकू नका. तो आट्यांवर दोन-तीन फेरे धरून, दांडीच्या टोकाशी समतल राहील असा ठेवा. त्याने दोन कामं होतात. आटे सांभाळले जातात, आणि निमुळता जोड एकदम सुटला तर चाक पुलरसकट तोंडावर येत नाही. ताणलेल्या पुलरमध्ये साठलेली शक्ती दिसत नाही, म्हणून तिला हलकं समजू नये. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि तोंड स्क्रूच्या रेषेत नको.

आता क्रम. पुलर लावण्याच्या आधी काही दिवस तेल सोडायला सुरुवात करायची. झिरपणारं तेल केशाकर्षणाने आत जातं, म्हणजे फट जितकी बारीक तितकं ते जास्त जोराने ओढलं जातं. पण आत शिरण्याची गती मंद असते आणि खोलीबरोबर आणखी मंदावत जाते. दुप्पट खोल पोहोचायला चौपट वेळ लागतो. तेल टाकून अर्ध्या तासात पाना लावणाऱ्याच्या हाती निराशा येते ती यामुळे. आपल्याकडे गॅरेजात रॉकेल आणि डिझेल वापरतात, ते निरुपयोगी नाही. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल सम प्रमाणात मिसळून केलेलं मिश्रणही जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे. मात्र ॲसिटोन चटकन पेट घेतं, आणि रिमच्या जुन्या प्लास्टिकवर पडलं तर ते विरघळवूही शकतं. डब्ल्यूडी-40 सगळीकडे मिळतं, पण 1953 मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोला ते तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवण्यासाठी. गंजलेला जोड सोडवण्यासाठी खास बनवलेलं झिरपतं तेल मिळत असेल तर तेच घ्यावं. हॉर्नच्या वाटीत तेल साचवून ठेवता येतं ही आपली सोय आहे. ज्या वाटेने पाणी गेलं त्याच वाटेने तेल जातं. हबच्या उघड्या धातूवर अधूनमधून हलके ठोके दिले की कंपनांमुळे गंजाचा थर तडकतो आणि तेलाला वाट मिळते.

तेल मुरल्यावर पुलर ताणायचा आणि थांबायचं. स्क्रू कडक झाला की आणखी पाव फेरा, मग हात काढून घ्यायचा. ताण तसाच ठेवून पुन्हा तेल. रात्रभर असंच राहू दिलं तर सकाळी स्क्रू सैल झालेला सापडतो, कारण मधल्या वेळात चाक वर सरकलेलं असतं. सतत टिकून राहिलेला ताण आणि मुरणारं तेल मिळून जे करतात ते दहापट जोराच्या एका झटक्याने होत नाही.

तरीही हललं नाही तर ताण कायम ठेवून हबला आडवे ठोके द्यायचे. इथे टायरॉडचे सांधे सोडवणाऱ्या मिस्त्रींची युक्ती कामाला येते. हबच्या उघड्या पोलादावर एका बाजूला जड हातोडा टेकवून धरायचा आणि बरोबर समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याने नेमका, छोटा घाव घालायचा. मग पाव वळसा पुढे जाऊन पुन्हा तेच. घावाच्या क्षणी हबचं भोक अगदी सूक्ष्म प्रमाणात लंबगोल होतं, गंजाची पकड त्या ठिकाणी तुटते, आणि पुलरचा ताण तेवढ्यात आपलं काम करून घेतो. हा हातोडा वापरायला माझी हरकत नाही, कारण त्याचा जोर एका बाजूने हबमध्ये शिरून दुसऱ्या बाजूच्या हातोड्यात संपतो. हबवर प्लास्टिकचा लेप असेल तर फक्त त्याखालची उघडी कड वापरायची.

उष्णतेबद्दल फार सावधपणे लिहावं लागतं. तत्त्व अचूक आहे. वीस मिलिमीटरच्या भोकाला शंभर अंश सेल्सिअसचा फरक दिला तर पोलाद जेमतेम 0.024 मिलिमीटर फुगतं, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं, आणि गंज तडकायला तेवढंही पुरतं. हब तापवल्याने भोक लहान होईल अशी भीती काहींना वाटते, ती खरी नाही. कडं तापलं की त्याचं भोकही मोठंच होतं. अडचण वेगळी आहे. या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे, म्हणजे स्टिअरिंगच्या अगदी पुढ्यात. तिच्यात 57 लिटरच्या आसपास पेट्रोल मावतं, आणि रिकामी झालेली टाकी तर आतल्या वाफेमुळे भरलेल्या टाकीइतकीच, किंबहुना अधिक धोकादायक. त्यात आपण हबवर झिरपतं तेल आणि ॲसिटोन ओतून ठेवलेलं. ब्लोलॅम्प किंवा गॅसची ज्योत इथे आणूच नये. टाकी गाडीतून काढून दूर ठेवली असेल, तेल पुसून सुकवलं असेल, तर इलेक्ट्रिक हीटगनने फक्त हबचा धातू तापवावा, आऱ्यांच्या मुळाशी ओली फडकी गुंडाळावीत. हात लावून चटका बसेल इतपत उष्णता पुरे. रिमच्या लेपाला वास येऊ लागला की थांबायचं.

सगळं करूनही काही चाकं निघत नाहीत. तेव्हा काय वाचवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं लागतं. या बाबतीत मी जीर्णोद्धारातल्या काही कट्टर मंडळींशी सहमत नाही. मूळ चाक दुर्मीळ आहे, त्याची किंमत आहे, हे खरं. पण दांडीवर चालवणाऱ्याचा आणि समोरून येणाऱ्याचा जीव अवलंबून आहे. एमबी आणि जीपीडब्ल्यूसाठी नव्याने केलेली चाकं मिळतात. तडे गेलेला रिम एपॉक्सी पुटीने भरून, घासून, रंगवून पुन्हा उभा करता येतो. दांडी कापून मधोमध वेल्डिंग केलेली जीप मात्र मी कुणालाही चालवू देणार नाही. म्हणून शेवटचा उपाय हबवरच करायचा. पातळ डिस्कच्या ग्राइंडरने हबच्या भिंतीत दांडीला समांतर एक उभी चीर द्यायची, दात्यांच्या थोडं अलीकडे थांबायचं, आणि चिरेत छिन्नी हलकेच फिरवून हब उघडायचा. कड्यातला ताण सुटला की पुलरने चाक निघतं. ठिणग्या उडणार असल्याने टाकीबद्दलचा नियम इथेही तोच.

चाक हलण्याआधी एक खूण मात्र विसरू नये. पुढची चाकं सरळ ठेवून हब आणि दांडी यांच्यावर समोरासमोर सेंटरपंचने ठिपका मारावा. बसवताना ठिपके जुळवले की आरे पहिल्यासारखे सरळ येतात. चाक निघालं की वरच्या बेअरिंगवरची स्प्रिंग आणि तिची बैठक लगेच डबीत ठेवावी, कारण ती हरवली तर दांडी जॅकेटमध्ये खडखडत राहते. दाते पितळी ब्रशने साफ करावेत, घासपेपरने नाही. पुन्हा बसवताना दात्यांवर ग्रॅफाइट किंवा तांब्याचं ग्रीस पातळ लावावं. मग पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावं. कुठे अडखळत असेल, नटाखाली चाक किंचितही वर-खाली होत असेल, तर गाडी रस्त्यावर न्यायची नाही. ‘नट थोडा सैल ठेवून एक चक्कर मार, आपोआप सुटेल’ असा सल्ला अजूनही काही ठिकाणी दिला जातो. तो देणाऱ्याचं ऐकू नका. सुटलं तर ते वळणावर सुटेल.

या काळजीला आता कायद्याचीही एक बाजू आहे. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी देण्याची सोय झाली. नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेली गाडी यात बसत नाही. स्टिअरिंगचं चाक या यादीत नसलं, तरी मूळ भाग जपणाऱ्या हाताची सवय पूर्ण गाडीला एकच असते. घाईने छिन्नी लावणारा माणूस चेसिसलाही घाईने कटर लावतो.

तुमच्या ओळखीत कुठे अशी जीप उभी असेल, मग ती चालती असो वा नसो, तर एक काम येत्या पावसाळ्याआधी करा. हॉर्नचं बटण जागेवर आहे का ते पाहा. नसेल तर वाटीतला गंज झटकून तीत ग्रीस भरा, वरून जाड प्लास्टिक घट्ट बांधा, आणि गाडीच्या मालकाला सांगा की खोलायची वेळ येईल तेव्हा हातोड्याच्या आधी टर्नरकडे जा.